एकोणचाळीस जणांचा फोन

"काय सांगितलं मी? परत सांग पाहू."

निरोप देऊन झाला की ते हमखास असं म्हणत. मान जराशी डावीकडे कललेली, बोट खिशातल्या पेनाच्या टोपणावर. समोरच्याने निरोप जसाच्या तसा परत म्हटला की ते "बरोबर" म्हणत आणि पुढच्या माणसाकडे वळत. चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. त्यांना घाई नसे आणि आपल्याला आहे हे त्यांना पटत नसे.

तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, किंवा असून गेलं असेल. आमच्याकडे ते टाइम ऑफिसात होते. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पाइपांचा कारखाना. फाटकाला लागून पत्र्याच्या छताची एक खोली, तिथे हजेरी, पाळ्यांच्या याद्या आणि दिवसभराचे निरोप. सगळे त्यांना नाना म्हणत. मी मनुष्यबळ विभागात, म्हणजे पहिल्या मजल्यावर, जिथे गार हवा येते आणि माणसं येत नाहीत. माणसांशी काम पडलं की मी नानांनाच फोन लावत असे.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला का हे बघायला मी दोनदा परत जाते. नवरा म्हणतो, तुला काळजी करायला कारण लागत नाही, फक्त वेळ लागतो. तर अशा बाईला नानांची ही 'परत सांग'ची सवय खरं तर आवडायला हवी होती. पण मला ती चीड आणायची. एकदा कारखान्याच्या मोठ्या साहेबांना त्यांनी फाटकात थांबवून सांगितलं की बॉयलरचे तपासणीवाले अकराला येणार आहेत, दोन जण आहेत, आणि मग मान कलती करून वाट बघत उभे राहिले. साहेब गोंधळले. मी मागे उभी राहून घामाघूम. शेवटी साहेबांनी म्हटलं, "अकराला, दोन जण." नाना म्हणाले, "बरोबर."

नंतर मी त्यांना यावरून बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "ताई, सांगून काही होत नाही. पोचला तर निरोप."

एरंडोलजवळच्या एका गावाहून रोज एसटीने यायचे. डबा फडक्यात बांधलेला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा. मला म्हणायचे, तुमच्या त्या पोळीनं दोन वाजता झोप येते. पाचशेवर माणसांत कोण कुठल्या गावचा, कोणाची बायको बाळंतपणाला गेलीय, कोणाच्या गावची गाडी पावसात बंद पडते, हे सगळं त्यांना तोंडपाठ. आमच्याकडे ज्ञानेश्वर पाटील नावाची नऊ माणसं होती, त्यांच्या हिशेबी ती नऊ गावं होती. एखादा आला नाही की नाना त्याच्या गावच्या दुसऱ्या कोणाला तरी गाठायचे आणि दुपारपर्यंत खबर यायची. ती खबर कुठे लिहिलेली नसे.

मग आमच्याकडे सॉफ्टवेअर आलं. दोन आली, असं म्हणायला हवं. एकात सगळ्या माणसांची माहिती: नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याचा दिवस, हजेरी. दुसरं ते आपोआप काम पुढे ढकलणारं. म्हणजे पहिल्यात काही घडलं की दुसरं आपलं आपण पुढचं करणार. कोणी तीन दिवस न सांगता गैरहजर राहिलं, की त्याच्या व्हॉट्सॲपवर निरोप जाणार आणि खाली दोन बटणं येणार, 'येणार' आणि 'येणार नाही'. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर फाटकाचं कार्ड बंद, आणि ठेकेदाराला बदली माणूस पाठवायचा निरोप. ही दोन सॉफ्टवेअरं एकमेकांना जोडायचं काम माझ्यावर आलं.

जोडायचं म्हणजे काय, तर हा इथला माणूस आणि तो तिथला माणूस एकच, हे ओळखायला एक खूण हवी. कामगार क्रमांक वापरावा तर आमचा एक कारखाना धुळ्यालाही आहे, आणि तिथेही एकपासूनच क्रमांक दिलेले. धुळ्याच्या माणसाने रजा टाकली आणि जळगावच्या माणसाची हजेरी कापली गेली, असं चाचणीत दोनदा झालं. माझी झोप उडाली. मग मला युक्ती सुचली. मोबाइल नंबर! तो तर प्रत्येकाचा वेगळाच असतो. मी स्वतःवरच खूश झाले, आणि माझ्यासारखीनं स्वतःवर खूश व्हावं ही पहिली धोक्याची घंटा असते.

सगळ्यांचे नंबर भरून द्यायचं काम मी नानांना दिलं. एकही रकाना रिकामा चालणार नाही, असं बजावलं. त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "रिकामा नाही चालणार?" मी म्हटलं, अजिबात नाही. आठ दिवसांनी यादी आली. एकही रकाना रिकामा नव्हता. मी ती वरपासून खालपर्यंत तपासली, रिकामं काही आहे का एवढंच बघत.

जोडणी दिवाळीनंतर सुरू झाली आणि सुरळीत चालली. नाना मात्र त्यानंतर फार हिंडायला लागले. फोन हात लांब करून वाचायचे, मग खोलीला कडी घालून पॅकिंगला नाहीतर गोदामात जायचे, कोणाला तरी बाजूला घेऊन काही सांगायचे, परत म्हणायला लावायचे, 'बरोबर' म्हणून यायचे. मला वाटलं, निवृत्ती जवळ आली की काही माणसांना जास्तच काम सुचतं. बैठकीत साहेबांनी माझं कौतुक केलं. धुळ्याला गैरहजेरीच्या निरोपांना निम्म्यांनी उत्तरंच दिली नव्हती, बिचाऱ्यांची कार्डं बंद झाली होती. जळगावचा एकही माणूस बिनउत्तराचा नव्हता. मी मान खाली घालून कौतुक स्वीकारलं.

एकतीस मेला नाना निवृत्त झाले. जेवणाच्या सुट्टीत शाल, नारळ, शेवभाजी. त्यांना बोलायला सांगितलं तर म्हणाले, "मी उद्यापासून नाही. काय सांगितलं?" आणि सगळी खोली एका सुरात ओरडली, "उद्यापासून नाही!" नाना म्हणाले, "बरोबर." सगळे हसले. मीही हसले, आणि वर जाऊन त्यांच्या सेवासमाप्तीची नोंद केली. बाकीचं आपोआप होणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फाटकावरच्या सुरक्षारक्षकाचा फोन आला. मॅडम, कार्डं चालत नाहीत, माणसं बाहेर उभी आहेत. मी केस ओलेच ठेवून स्कूटर काढली. पोचले तेव्हा आठही वाजले नव्हते तरी ऊन असं होतं की फाटकाच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. चाळीसेक माणसं रस्त्यावर. कोणी बोलत नव्हतं, हे मला जास्त लागलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

रक्षकाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. नानांबरोबर आणखी एकोणचाळीस जणांची सेवा समाप्त झाली होती. कारण तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या तेव्हा आलं नाही. सॉफ्टवेअरला सांगितलं होतं की या मोबाइल नंबरचा माणूस निवृत्त झाला. त्याने त्या नंबरची जेवढी माणसं सापडली तेवढी सगळी निवृत्त करून टाकली.

पुण्याला सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. तिकडचा मुलगा शांतपणे म्हणाला की समाप्ती आता कचेरीतून मागे घेता येत नाही. प्रत्येक कामगाराला निरोप गेलेला आहे, त्याखाली 'बरोबर' आणि 'चूक आहे' अशी बटणं आहेत, ज्याने त्याने बाराच्या आत 'चूक आहे' दाबलं तर तो पूर्ववत होईल. बारानंतर सगळ्यांना नव्याने रुजू करून घ्यावं लागेल. बारा ही वेळ मीच घातली होती. त्याच वेळी दुसरी एक यादी आपोआप निघणार होती, ज्यांचं खंड न पडता एक वर्ष पूर्ण झालंय त्यांना कायम करायची. त्या यादीत आमच्याकडचं एकच नाव होतं. जमुनाबाई, पॅकिंगची. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आलेली, वसाहतीमागे खोली घेऊन राहणारी. वर्षभरात एकदाही गैरहजर नव्हती. तिच्या नावापुढे आता 'सेवा समाप्त' असं होतं, आणि ती माझ्यासमोर डबा हातात धरून उभी होती.

मी स्टुलावर चढले आणि सगळ्यांना सांगितलं, आपापला फोन काढा, निरोप आला असेल, 'चूक आहे' दाबा. कोणी हललं नाही. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग मागून एक जण म्हणाला, "मॅडम, आमना फोन नानासना शे."

मला कळायला क्षणभर लागलं. ज्यांच्याकडे फोन नव्हता, ज्यांचा फोन नवऱ्याबरोबर सुरतला होता, ज्यांचा नंबर दर दोन महिन्यांनी बदलायचा, ज्यांना वाचता येत नव्हतं, त्या सगळ्यांच्या रकान्यात नानांनी स्वतःचा नंबर भरला होता. रिकामा चालणार नाही, असं मीच सांगितलं होतं ना. आणि सहा महिने ते एकोणचाळीस जणांचे निरोप एकेकाला तोंडी पोचवत होते. आधी हजेरी बघून तो कोणाचा ते ओळखायचं, चौकशी करायची, खबर काढायची, मग माणसाच्या वतीने 'येणार' दाबायचं. माझं बैठकीतलं कौतुक म्हणजे हे होतं. मला तिथल्या तिथे रडू येणार होतं, पण आधी फोन लावायचा होता.

फोन लागेना. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, घरी असतील म्हणून गावातल्या ओळखीच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, दोघं पहाटेच पद्मालयाला गेलेत, गणपतीला. तिकडे रेंज कधी असते, कधी नसते. नऊ वाजले. साडेनऊ. ठेकेदाराचा फोन आला की एकोणचाळीस माणसं मागितलीत तुम्ही, टेम्पो भरला, निघतो. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. दहाला नानांचा फोन लागला.

"ताई, सकाळपासून फोन वाजून राहिला," ते म्हणाले. "चाळीस निरोप शेत. सेवा समाप्त म्हणे. नाव नाही एकावर. कोणाचा कोणता, मी कसं सांगू लोकांना?"

नाव नव्हतं, हेही माझंच. ज्याचा फोन त्याचा निरोप, नाव कशाला, असं मला वाटलं होतं. मी त्यांना घाईघाईने सगळं सांगितलं. प्रत्येक निरोपाखाली 'चूक आहे' दाबा. ते म्हणाले, "त्यात एक माझाबी असेल. तो तर बरोबर शे."

मी म्हटलं, तो कोणता ते ओळखता येणार नाही, तुम्ही सगळ्यांखाली दाबा, तुमचं नंतर बघू. पलीकडून देवळाच्या घंटेचा आवाज येत होता. मला वाटलं आता ते ठेवतील. पण त्यांनी विचारलं, "काय सांगितलं तुम्ही? मी परत सांगतो. बठ्ठ्यासखाली चूक. माझ्याखालीबी." मी म्हटलं, बरोबर. आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द त्यांना मी म्हटला.

त्यानंतरचे दोन तास मी टेबलाला दोन्ही हातांनी धरून बसले होते. पद्मालयाच्या पायऱ्यांवर कुठेतरी रेंजचा कोपरा शोधून नाना एकेक बटण दाबत होते आणि इकडे माझ्या पडद्यावर एकेक नाव परत जिवंत होत होतं. नाव आलं की मी हाक मारायची, माणूस कार्ड लावायचा, हिरवा दिवा लागायचा, आत. कोणाचं नाव आधी येईल हे कोणालाच माहीत नव्हतं. अकराला अकरा आत गेले. मग पाच मिनिटं काहीच आलं नाही, मग एकदम चार. मध्येच नानांचा फोन, की आता दुसरेच निरोप येऊ लागलेत, वाढदिवसाच्या शुभेच्छा म्हणून, ते कधी सांगू? एक जून होती. खेड्यातल्या शाळेत मास्तरांनी नाव घालताना ज्याची तारीख माहीत नाही त्याला एक जून लावली, त्यामुळे आमचा निम्मा कारखाना एकाच दिवशी जन्मलेला, नानाही त्यातलेच. मी म्हटलं, नाना, वाढदिवस राहू द्या, बटणं दाबा.

पावणेबाराला अडतीस आत गेले होते. बाहेर जमुनाबाई एकटी. रक्षकाने तिला स्टूल दिलं तरी ती बसली नाही. अकरा पन्नास. नानांचा फोन पुन्हा लागेना. मला आठवतं, मी तेव्हा देवाला वगैरे काही म्हटलं नाही. मी त्या पडद्याला म्हणत होते, येऊ दे, एवढं एक येऊ दे. अकरा छप्पनला एक नाव आलं. नानांचं. 'सेवेत'. मी जवळजवळ किंचाळणार होते. मग अकरा अठ्ठावन्नला जमुनाबाई.

तिने कार्ड लावलं, दिवा हिरवा झाला. आत जाताना ती माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "नानास्ले सांगा, पोचनू."

तर ती कायम झाली. आणि नानाही सेवेतच राहिले. हे नंतर बघू म्हटलं होतं ते बघता येईना, कारण त्यांना निवृत्त करायचं म्हणजे त्यांच्या नंबरचा माणूस निवृत्त करायचा, आणि त्या नंबरावर अजून एकोणचाळीस जण होते. आधी एकेकाचा नंबर वेगळा करायचा. त्यातही मी आता शहाणपणा करून अशी अट घातली होती की नवा भरलेला नंबर दोघांना चालणारच नाही. तोवर नाना आमच्या खात्यात बिनपगारी सेवेत. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने मात्र गैरहजर. दर तीन दिवसांनी त्यांना निरोप जायचा, आपण न कळवता गैरहजर आहात. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर त्या नंबरची सगळी कार्डं बंद, आणि पुन्हा सगळे फाटकाबाहेर.

मी त्यांना हे समजावून सांगितलं. हात जोडले. म्हटलं, काही झालं तरी 'येणार' दाबायचं, दुसऱ्या बटणाला हात लावायचा नाही. त्यांनी परत म्हणून दाखवलं. आणि मग तो नेम झाला. दर तिसऱ्या दिवशी माझा जीव टांगणीला लागायचा, सकाळी साडेनऊच्या सुमारास पडद्यावर 'येणार' उमटायचं, मी चहा घ्यायचे. एकदा मी फोनवर विचारलं, नाना, कंटाळा येत नाही का? ते म्हणाले, "विचारतात ना येणार का म्हणून. इतकं कोण विचारतं, ताई?"

जूनमध्ये एकोणचाळिसांचे चोवीस झाले. श्रावणात अकरा. कोणी भावाचा नंबर दिला, कोणी नवा फोन घेतला. कानबाईच्या सणाला सगळे घरी गेले आणि येताना तिघांनी नंबर आणले. भाद्रपदात एकच उरली, जमुनाबाई. तिच्यासाठी सिमकार्ड घ्यायला मी स्वतः तिच्याबरोबर दुकानात गेले. अंगठा यंत्रावर ठेवला, उमटेना. दहाही बोटं झाली. वर्षभर पाइपांना पट्ट्या बांधून बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या. दुकानदार म्हणाला, पंधरा दिवस हातांना तेल लावा, मग या. माझ्या नावावर सिम काढून तिला द्यावं असं मनात आलं होतं. पण उद्या काही झालं तर, या भीतीने मी ते केलं नाही. ही माझी भीती पुढे मला फार महाग पडली.

एका गुरुवारी साडेनऊला 'येणार' आलं नाही. दहाला नाही. संध्याकाळपर्यंत नाही. फोन वाजत होता, उचलत कोणी नव्हतं. शुक्रवारीही तसंच. शनिवारी सकाळी साडेनऊला दोन दिवस पूर्ण होणार होते. नानांच्या गावच्या त्या दुकानदाराचाही फोन लागेना. शुक्रवारी दुपारी मी अर्धी सुट्टी टाकली आणि एरंडोलची एसटी धरली. वाटेत मी काय विचार करत होते ते खरं सांगते. मी नानांचा विचार करत नव्हते. त्या बटणाचा करत होते.

एरंडोलहून रिक्षा करून गावात गेले. घर विचारावं लागलं नाही. ओट्यावर पुरुषमाणसं टोप्या काढून बसलेली होती. मला बघून त्यांनी बाजूला सरून वाट दिली, त्यांना वाटलं मी भेटायला आले. तेव्हा मला कळलं. बुधवारी पहाटे, झोपेतच.

आत अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांना याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी मला ओळखलं. पडद्यामागे बायका होत्या. मी खाली बसले. मी ज्यासाठी आले होते ते आठवून मला माझीच इतकी लाज वाटली की उठून पळून जावंसं वाटलं. अक्कांनीच फडताळाकडे हात केला. तिथे गणपतीच्या फोटोजवळ फोन ठेवला होता, चार्जिंगला लावलेला.

"कालपासून वाजी राहिना," त्या म्हणाल्या. "माले वाचता येत नाही. त्याच्यात निरोप शे. कोणले सांगाना शे तो? ते असते तर सांगी देते."

मी फोन घेतला. निरोप तोच होता. आपण तीन दिवस न कळवता गैरहजर आहात. खाली दोन बटणं. जमुनाबाई मनात आली आणि मी अक्कांच्या समोर, त्यांच्या नवऱ्याच्या फोनवर, 'येणार' दाबलं. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "कारखान्यातल्यांना सांगायचाय, अक्का. मी सांगते." त्यांनी मान हलवली.

त्या एका बटणाने मला पुरेसे दिवस मिळाले. सोमवारी मी माझ्या नावावर सिम काढलं, जमुनाबाईला दिलं, तिचा नंबर वेगळा केला आणि मगच नानांचं नाव काढलं. पण त्याआधी, शनिवारी सकाळी, एक काम होतं. एक निरोप लिहून एकदम सगळ्यांना पाठवणं मला जमलं असतं. आता जमुनाबाई सोडून सगळ्यांचे नंबर होते. मी सातला फाटकात गेले आणि एकेकाला गाठून सांगितलं. गोदामात, मशीनवर, कँटीनच्या दारात. एकोणचाळीस जण. कोणी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, कोणी नुसतं बघत राहिलं.

जमुनाबाई सगळ्यांत शेवटी. ती पाइपांची मोळी बांधत होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "नाना गेले. बुधवारी पहाटे. झोपेतच." ती थांबली. पट्टी हातातच राहिली. मी वळले आणि चार पावलं गेले.

मागून तिचा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत.

"नाना गेले. बुधवारी पहाटे. झोपेतच."

मी मागे पाहिलं. ती पाठ ताठ करून उभी होती आणि माझ्या उत्तराची वाट बघत होती. ते दिल्याशिवाय ती पट्टी बांधणार नाही, हे मला दिसत होतं.

"बरोबर," मी म्हटलं.